मागची सीट

शांतता विकत मिळते, हे मला आमच्या ह्यांच्यामुळे कळलं. पॅकेज असतं तिचं, मुक्काम आणि नाश्ता धरून. बंद पडलेल्या रेल्वेलाइनचे रूळ उपटून तिथे गुळगुळीत रस्ता केलाय. त्यावर गाडी नाही, मोटरसायकल नाही, हॉर्न नाही. फक्त सायकली. दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच एखादं तळं, आणि गाई. ज्यांच्या घरात जेवतानाही टीव्ही केकाटत असतो असे लोक इथे येऊन डोळे मिटतात, लांब श्वास घेतात आणि एकमेकांना मोठ्याने सांगतात, की किती शांत आहे ना. सांगितल्याबरोबर ती शांतता संपते, पण एवढं कोण लक्षात घेतो?

आमचे हे नळ आणि शॉवर विकणाऱ्या कंपनीत साहेब आहेत. दिवसभर दुकानदारांवर ओरडून झालं, की ह्यांना निसर्गाची ओढ लागते. या वर्षी ती सायकलवरून आली. आधी कपडे आले, मग गॉगल आला, सायकल ठरली सगळ्यात शेवटी. अंगाला चिकटलेली ती पिवळी-काळी विजार घालून हे आरशासमोर वळूनवळून बघत होते, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की हौसेला मोल नाही. ह्यांना ते कौतुक वाटलं.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुई टोचायचं काम करते. समोरच्याने बाही वर केली, की शीर कुठे आहे आणि माणूस किती घाबरट आहे, दोन्ही कळतं मला. ह्यांचं रक्त काढायची वेळ आली की हे मान फिरवून हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात. रक्ताचंच कशाला, काहीही अवघड आलं की ह्यांची मान फिरते.

आणि अवघड आलंच होतं. माझ्या दादाची परदेशात बदली झाली. दादा-वहिनी महिनाअखेरीला जाणार, त्यांचं भाड्याचं घर सुटणार, आणि त्या घरात आमची आई राहते. तिला आपल्याकडे आणायचं, यात विचार करण्यासारखं मला काही दिसत नव्हतं. पण घर दोघांचं, म्हणून ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "असले विषय घाईत नकोत. आपण सायकलवर जातोय ना, तिथे निवांत बोलू." म्हणून मी आले. नाहीतर पन्नाशीला टेकलेल्या बाईला उन्हातान्हात पेडल मारायची कसली हौस? तोवर आईला मी फोनसुद्धा केला नाही. उत्तर हातात नसताना तिच्याशी बोलणार काय?

सायकल आम्हा दोघांत एकच. टँडेम म्हणे. पुढच्या सीटकडे हँडल, ब्रेक, गिअर, घंटी आणि सगळा देखावा. मागच्या सीटकडे पेडल, आणि पुढच्याची पाठ. ह्यांची पाठ मी इतका वेळ सलग कधी पाहिली नव्हती, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. वर ह्यांचं ठाम मत असं, की सायकल जड चालते ती माझ्यामुळे. "पाय नुसते फिरवू नकोस, जोर लाव!" हे सांगायला मान वळवावी लागू नये म्हणून ह्यांनी दोन हेल्मेटं आणली होती, आत बोलायचं यंत्र बसवलेली. मोकळ्या माळावर लांबूनही बोललेलं ऐकू येतं म्हणे. आता ह्यांचं प्रवचन थेट माझ्या कानात, आणि प्रवचनाचा विषय शांतता.

"ऐक," हे म्हणायचे.

"काय?"

"काही नाही. तेच तर!"

पहिल्या दिवशी मी विषय काढला. "अहो, आईचं..." "श्श! तो पक्षी ऐक." दुपारी काढला तेव्हा चढ होता आणि ह्यांना श्वास जपायचा होता. मुक्कामाच्या खोलीवर काढला, तर हे पाय भिंतीला लावून उताणे पडलेले. त्याने पोटऱ्या मोकळ्या होतात आणि त्या वेळी मनात कसलाही ताण नको असतो. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

या रस्त्यावर जागोजागी लोखंडी फाटकं आहेत, गाड्या आत येऊ नयेत आणि गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून. फाटक उघडायचं, पलीकडे जायचं आणि आठवणीने लावून घ्यायचं, असा नियम. हे सगळं करायचं कोणी? मागच्या सीटने. पुढच्या सीटने तोवर पाणी पीत क्षितिजाकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्यात सुधारणा केली. थांबलं की लय तुटते, असं ह्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा मी फाटक लावत असताना हे सायकल हळूहळू पुढे काढणार, आणि मी पळत येऊन चालत्या सायकलवर चढायचं.

"या वयात सर्कशीत जाऊ का मी?" मी विचारलं.

"आधी करून तर बघ. तुझं सगळं नाहीपासून सुरू होतं."

आणि मी केलं की! दोन-तीन फाटकांना पळत जाऊन, ह्यांच्या खांद्याला धरून, खरंच चढले. आपण नवऱ्यापायी काय काय करतो, ते दुसरी कोणी करताना दिसली असती तर मी तिला वेड्यात काढलं असतं.

जेवणानंतरच्या फाटकाची कडी गंजलेली होती. ती बसेचना. दोन्ही हातांनी दाबून एकदाची बसवली आणि वळले, तर पुढे उतार. सायकल चांगलीच सुटली होती. मी चार पावलं पळाले, धाप लागली, थांबले. तेवढ्यात झाडाच्या मुळाने रस्ता जिथे फुगला होता तिथे सायकलने गचका खाल्ला, आणि माझ्या कानात आवाज आला, "बसलीस? शाब्बास! बघ, जमलं की नाही?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हटलं, बघू तरी.

सायकल लहान लहान होत चालली. कानातला आवाज मात्र होता तेवढाच. "वा! आज पहिल्यांदा तू नीट पेडल मारतेयस. किती हलकं चाललंय बघ! कालपासून मी हेच तर सांगत होतो."

मी फाटकाला टेकले. हसू आवरेना. एक गाय रवंथ थांबवून माझ्याकडे बघायला लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ह्यांनी माझं मनापासून कौतुक केलं, आणि ते घ्यायला मी जागेवर नव्हते.

"तू अशी खुशीत आहेस तर सांगूनच टाकतो," कानात आवाज आला. "आईंचं मिटलंय."

माझं हसू गेलं. "मिटलंय म्हणजे?"

"दादाशी बोललो मी, आपण निघायच्या आधीच. त्याने वृद्धाश्रमात खोली घेतलीय. चांगलं आहे, बागबिग आहे. सोमवारी सोडतोय तो आईंना."

"तुम्ही नाही म्हणालात त्याला?"

"मी कशाला म्हणू? जावई नाही म्हणाला, हे बरं दिसतं का? म्हटलं, हिलाच झेपणार नाही, पण तुमच्याकडे बोलायची हिला चोरी वाटते. पोटच्या मुलीवर आई थोडीच रागावते? सगळ्या बाजूंनी विचार केला मी."

करून सवरून नामानिराळं राहायचं, आणि ते माझ्या नावावर! एवढी चीड मला आयुष्यात कोणाची आली नव्हती. आणि तिच्याखाली भीती होती. म्हणजे इतके दिवस आई त्या घरात बसून, मी तिला नको म्हणाले असं समजून चालली होती.

कानात बडबड सुरूच होती. आता मन कसं मोकळं झालं, निवांत बोलायचा फायदा हाच असतो वगैरे. मग ती थांबली. "चल उतर, फाटक आलं."

मी गंजलेली कडी नीट बसलीय का, ते पाहिलं.

"उतर ना गं." मग थोड्या वेळाने, "अगं? कुठे आहेस तू?"

"मागच्या फाटकापाशी."

"कधीपासून?"

"तुमचं कौतुक सुरू व्हायच्या आधीपासून."

"मग पेडल कोण मारत होतं?"

माझ्या आईची अशी वाट लावून झाल्यावर या माणसाला पहिला प्रश्न पडला तो हा! मी हेल्मेट काढून फाटकाच्या खांबावर अडकवलं. आतून चिरकी "अगं, अगं" येत राहिली. गाय हुंगायला पुढे आली. म्हटलं, घे बाई, ऐक आता तू.

शेताच्या कडेने मोठ्या रस्त्याकडे वाट जात होती. मी चालायला लागले. ट्रकचे हॉर्न ऐकू आले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. चालताचालता आईला फोन लावला. तिने लगेच उचलला, पण नुसतं "बोल" म्हणाली. एरवी ती आधी जेवलीस का विचारते.

"आई, दादाला जे कळवलं ते मी कळवलं नव्हतं. मला आत्ता समजलं. तू कुठेही जायचं नाहीस. मी घ्यायला येतेय तुला."

पलीकडे कपाटाचं दार वाजलं. वहिनी सामान आवरत असणार.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "तुला मी नको असते, तर तू स्वतः फोन करून भांडली असतीस. नवऱ्याकडून निरोप धाडायचा तुझा स्वभाव नाही."

मला रडू फुटलं. "एवढं कळत होतं, तर मला एक फोन का नाही केलास गं?"

पलीकडे कपाटाचं दार पुन्हा वाजलं.

"हात गेला होता फोनकडे. पण म्हटलं, खरंच निघालं तर?"