माळ्यावरची पावलं

"चढताना सगळेच नेटानं चढतात गं. जपावं लागतं ते उतरणाऱ्याला," असं म्हणत एका तरुण सुताराने माझ्या पायऱ्यांच्या कडा घासून गोल केल्या होत्या. तो आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. स्वयंपाकघराशेजारच्या बोळकांडीत, माळ्याच्या चौकोनी तोंडाला टेकून उभी असते.

सुताराने मला त्याच्या नव्या नवरीसाठी घडवले. ती माळ्यावर कांदे पसरायची, जादा अंथरुणे ठेवायची. घरात बाळ आले, तशी मला दटावत चढू लागली:

शिडीबाई, शिडीबाई, नको अशी कुरकुरू
बाळ निजलं गं खाली, त्याची झोप नको चोरू

तिच्या पावलांनी वर फळ्या वाजत, आणि खाली रंधा मारणारा सुतार मान वर न करता हसे. तेव्हा माझे कोण कौतुक! वर्षाकाठी अंगावरून तेलाचा हात फिरे.

मग ती गेली. बाळाचा बाप्या झाला, त्याला बायको आली, आणि सुताराला सगळे आबा म्हणू लागले. आबांचे गुडघे धरले. एकदा ते माझ्यावरून घसरले, तेव्हा मुलाने तंबीच दिली, "आबा, पुन्हा शिडीवर पाय ठेवलात तर हिचं सरपण करीन!" मी धूळ खात उभी राहिले. माझी तिसरी पायरी सैल झाली, ते कुणी पाहिलेही नाही.

आणि एके दिवशी माळ्यावर पुन्हा पावले वाजली.

"उंदीर असेल," मुलगा म्हणाला.

"उंदीर? एवढा धपधप चालणारा उंदीर असेल तर त्याला अहोजाहो करायला हवं!" सून म्हणाली.

आबा मात्र रोज सगळे कामावरून परतायच्या आधी माझ्या तीन पायऱ्या चढत, हात लांबवून माळ्याच्या काठावर एक पिकलेले केळे ठेवत, आणि धापा टाकत खाली येऊन बाकावर बसत. वर फळी वाजली, की मान वर न करता हसत. मला सगळे ठाऊक होते. पण लाकडाला कुठे वाचा असते?

शेवटी मुलाने प्राणी सोडवणाऱ्या बाईंना बोलावले. बाई हसतमुख. "मी मारत नाही हं, फक्त बिऱ्हाड हलवायला लावते," म्हणत वर चढल्या आणि हात झटकत उतरल्या.

"उदमांजर आहे. मला बघून छपराखालच्या भोकातून सटकलं. वायरी शाबूत आहेत, लेंड्यांत फळांच्या बिया आहेत. पण असं ठाण मांडून बसलंय म्हणजे त्याला इथं काहीतरी आयतं मिळतंय."

आबा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"भोकाला झडप लावते. तिच्यातून बाहेर जाता येतं, आत येता येत नाही. फक्त वर पिल्लं नसावीत. नाहीतर आई बाहेर, पिल्लं आत, आणि ती भुकेनं मरायची. मला तर दिसली नाहीत. कुणी बारीक आवाज ऐकलाय?"

"छे! लावून टाका," मुलगा म्हणाला.

आबांची बोटे माझ्या दांड्यावर घट्ट आवळली. बोलावे तर चोरून चढणे उघडे पडणार, आणि माझे सरपण होणार. न बोलावे तर... वर बाईंच्या हातोडीचा पहिला ठोका पडला.

"थांबा!" आबा ओरडले. "पिल्लं आहेत! अंथरुणांच्या मागं बघा. दुपारी घर रिकामं असलं की कुईकुई करतात."

बाईंनी अंथरुणे हलकेच सरकवली. "अगंबाई! दोन आहेत की!" त्यांनी ठोकलेला खिळा उपसला.

"तरीच केळी पुरत नव्हती!" सून कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि मी सगळ्यांना सांगते, आमचे आबा केळ्यांचे भारी शौकीन!"

"पिल्लं आईमागं बाहेर हिंडायला लागली की झडप लावू," बाई म्हणाल्या. "तोवर केळं बंद, आबा. असे लाड केलेत तर कोण जाईल हे घर सोडून?"

झालेही तसेच. पिल्ले मोठी झाली, आईसकट तिन्ही झाडांत निघून गेली, भोक फळीने बुजले. माळा मुका झाला.

मित्रांनो, आडोशाला आलेल्या जिवाला हलवायचे झाले, तर आधी अंथरुणांच्या मागे बघा, आधी कान द्या. आणि कान द्याल तेव्हा खाली बाकावर बसलेल्यालाही विसरू नका.

परवा मुलगा खिळे आणि सरस घेऊन आला. माझे सरपण करायचे सोडून तिसरी पायरी पक्की करू लागला. आबा शेजारी बसून कड घासत होते.

"आबा, पडला असतात तर? कशाला हा उपद्व्याप?"

आबांनी घासलेल्या कडेवरून तळवा फिरवला.

"तुझी आई गेल्यापासून वर कुणी चालतच नव्हतं रे," ते म्हणाले. "मला एकट्याला करमत नाही."