सतरा नंबरचा कप

गावात तिला सगळे नाकवाल्या बाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे पूर्ण पदवी. कॉफी उत्पादकांच्या सोसायटीत गेली सव्वीस वर्षं ती चाखणीचं काम करत होती. डोंगरावरच्या मळ्यांतून हंगामात पोती येत. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालातून मूठभर बी काढून भाजायचं, दळायचं, कपात घालून वर उकळतं पाणी ओतायचं आणि चमच्याने सुर्रकन ओढून चव घ्यायची. घोट गिळायचा नाही, कोपऱ्यातल्या पिंपात थुंकायचा. मग सांगायचं : पहिल्या प्रतीत किंवा बाहेर. कपांवर फक्त नंबर असत, दर आठवड्याला एकपासून नव्याने. कोणता नंबर कोणाचा, ती यादी मॅनेजरच्या कपाटात बंद.

हे काम तिला सासूकडून आलं होतं आणि सासूला तिच्या सासूकडून. त्या घरातल्या लेकी लग्न होऊन बाहेर जात, म्हणून नाक सुनांकडे जायचं, असं लोक हसून सांगत. बाई मात्र त्यावर हसत नसे. मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि तिने सुनेला अजून एक चमचासुद्धा हातात दिला नव्हता.

हंगामाला दोन महिने असताना बाईला ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण अशक्तपणा राहिला. एका सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बाहेर बघत होती. सून अंगणातून धावत आली आणि तिने गॅस बंद केला. बाईच्या हातभर अंतरावर दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं होतं.

“अहो आई, तुमचं लक्ष कुठे होतं?”

बाई पातेल्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने त्यात नाक खुपसलं.

“करपल्याचा वास येतोय?” तिने विचारलं.

“घरभर येतोय.”

“मला नाही येत.”

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. औषध काही नाही. घरी येताना बाईने सुनेला बजावलं, “यातला चकार शब्द बाहेर जाता कामा नये. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही.” बाईचा मुलगा सोसायटीचा ट्रक चालवायचा आणि त्याच्या पोटात काही राहत नसे, त्यामुळे हे सांगणं रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईने सुनेसमोर तीन कप मांडले. गेल्या वर्षीचे उरलेले नमुने होते. कशात काय आहे हे बाईला पाठ होतं.

“काय लागतंय ते सांग.”

सुनेने पहिला घोट घेतला, ठसका लागला, अर्धा पदरावर सांडला. दुसऱ्यांदा जमलं.

“हा वाईट.”

“वाईट तर कोणीही म्हणेल. कसा वाईट?”

सुनेने आणखी एक घोट घेतला. “पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेसारखा.”

तो बुरशीचा नमुना होता. बाईने पुढचा कप सरकवला. त्यानंतर सहा आठवडे रोज सकाळी स्वयंपाकघरात वर्ग भरत असे. शिकवणारीला स्वतःला काही कळत नव्हतं, ती आठवणीतून शिकवायची. जास्त आंबलेल्या बीची चव जिभेच्या कडेला कशी चिकटते, कच्च्या फळाची घशात कशी खरवडते, हे ती इतकं बारकाईने सांगे, की सुनेला कधी कधी वाटे, आईंचं नाक परत आलं. दोनदा तिने तसं विचारलंही. दोन्ही वेळा बाई उठून बाहेर गेली.

हंगाम सुरू झाला. बाईने मॅनेजरला सांगितलं, तापानंतर हाताला कंप आहे, किटली उचलत नाही, सुनेला मदतीला आणते. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. सून पाणी ओते, कपावर तरंगणारा भुकटीचा थर चमच्याने मोडे आणि गरमपणा बघायच्या निमित्ताने एक घोट घेई. माल चांगला असला तर चमचा कपाच्या उजवीकडे ठेवायचा, खोट असली तर डावीकडे. कसली खोट, ते कप पुसताना एका शब्दात पुटपुटायचं. मग बाई पुढे होऊन जोरात सुर्र करी, डोळे मिटे आणि निकाल देई. मॅनेजर दाराजवळच्या टेबलावर बसून लिहून घेई. तीन आठवड्यांत साठेक नमुने असे पार पडले.

त्या वर्षी बी वाळवायच्या ऐन दिवसांत आठ दिवस अवेळी पाऊस लागला होता. त्यानंतर आलेल्या मालात सतरा नंबरचा कप होता.

सुनेने घोट घेतला. एरवी ती लगेच थुंकायची. या वेळी घोट तोंडातच राहिला. मग तिने पिंपाकडे जाऊन तो टाकला, परत आली आणि चमचा डावीकडे ठेवला.

“धूर,” ती पुटपुटली.

बाईने सुर्र केलं. तिच्या तोंडात गरम पाण्यापलीकडे काही नव्हतं. “सतरा बाहेर,” ती म्हणाली. “धुराचा वास आहे.”

मॅनेजरने मान वर केली. “रंगरूप तर फार छान होतं हो याचं. पुन्हा एकदा बघता का?”

बाईने सुनेकडे बघितलं. सुनेने कप उचलला, पुन्हा घोट घेतला आणि चमचा पुन्हा डावीकडे ठेवला. तिची मान खाली होती.

“बघितलं. बाहेर.”

दुपारी मॅनेजरने यादी उघडली आणि मोठ्याने हसला. “बाई, तुमच्या नाकाला नातंगोतं काही कळत नाही! सतरा नंबर म्हणजे तुमचे व्याही.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या बाजारपेठेत झाली. न्हाव्याच्या दुकानात, दळणाच्या रांगेत बाईचं कौतुक चाललं होतं. सोयऱ्यालाही सोडलं नाही म्हणजे कमाल झाली. बाई आणि सून त्याच रस्त्याने घरी चालल्या होत्या. वळणावर रस्ता मोकळा झाल्यावर बाईने विचारलं, “तुला कळलं होतं?”

“पहिल्याच घोटाला.”

“कसं?”

“आमच्या स्वयंपाकघराचा वास आहे तो. पावसात बाबांनी पोती चुलीवरच्या माळ्यावर टाकली असणार.”

“मग चमचा उजवीकडे ठेवता आला असता की. मला काय कळलं असतं?”

“तुम्हाला नसतं कळलं,” सून म्हणाली. “म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही आले. पायातल्या चपला त्यांनी दारात काढल्या नाहीत, भिरकावल्या. हातात फडक्यात बांधलेलं भाजलेलं बी होतं.

“विहीणबाई, माझ्या मालावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. तुम्ही स्वतः चाखलंत ना?”

“निकाल माझाच आहे.”

“मग माझ्यासमोर चाखा. इथे, आत्ता.”

सुनेने बी दळलं, तीन कप केले. व्याह्यांनी घोटामागून घोट घेतले. “कुठे आहे धूर? दाखवा मला.” ते खोटं बोलत नव्हते. ज्या घरात पन्नास वर्षं काढली, त्या घराचा वास त्यांना येणार तरी कसा? त्यांनी बाईकडे कप सरकवला. “बोला.”

बाईने घोट घेतला.

“बाबा,” सून म्हणाली, “धूर आहे. मला लागतोय.”

“तुला कोणी विचारलं? दोन दिवस किटली काय धरलीस, मोठी नाकवाली झालीस?”

“मी विचारलं,” बाई म्हणाली. तिने कप खाली ठेवला. “तापापासून मला कसलाच वास येत नाही. या हंगामातला एकूणएक निकाल तिचा आहे. तुमचाही.”

व्याही लेकीकडे बघत राहिले. “तुला माहीत होतं? माझा आहे म्हणून?”

तिने होकारार्थी मान हलवली. व्याही उठले आणि चपला घालून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

बाई त्याच दिवशी सोसायटीत गेली. व्याही सांगतील या भीतीने नव्हे, असं तिने नंतर सुनेला सांगितलं, पण ते संपूर्ण खरं नसावं. मॅनेजरने सगळं ऐकलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. साठ नमुने एका पोरीच्या भरवशावर! त्याने बाईला खोलीबाहेर बसवलं आणि सुनेसमोर बारा कप मांडले. त्यात जुने निकाल झालेले नमुने होते, एक तर तीनदा ठेवला होता. सुनेने अकरा बरोबर ओळखले. बाराव्याला ती म्हणाली, याचं मला सांगता येत नाही. मॅनेजर नंतर संचालकांना म्हणाला की अकरांपेक्षा त्या बाराव्यामुळे त्याची खात्री पटली. सुनेला हंगामापुरतं ठेवलं. बाईला घरी बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांचा निरोप वगैरे काही झाला नाही, कारण तिने लपवलं होतं.

बाजारपेठेने आठ-दहा दिवस चघळून विषय सोडून दिला. बाईचं नाक परत आलं नाही. जेवणातलं मीठ कमीजास्त झालेलं तिला कळे, बाकी सगळं सारखंच लागे. सून कामावरून आली की ती विचारी, आज काय काय लागलं? सून सांगे आणि बाई डोळे मिटून ऐके. कधी मध्येच म्हणे, “नाही, तसं नसेल, जिभेच्या मागे लागलं असेल.” बऱ्याचदा ते बरोबर निघे.

व्याही पाच महिने फिरकले नाहीत. मग एका दुपारी केळ्यांचा घड घेऊन आले. गुडघेदुखीबद्दल बोलले, जावयाच्या ट्रकबद्दल विचारलं, चहा प्यायले. कॉफीचा विषय कोणी काढला नाही. निघताना दारात चपला घालता घालता ते लेकीला म्हणाले, “तो धूर माळ्यामुळे धरतो, की खालच्या खोलीतही धरेल?”

“खालीही धरेल. पोती घरात ठेवूच नका. गोठ्याच्या पलीकडे पत्रे टाकून घ्या.”

“बरं,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.