बारा बंद गळे

"आत्यांनी एकदा शिवायचं आणि आपण दोनदा उसवायचं. कुणी सांगितलाय हा उद्योग?" कपाटाच्या उघड्या दाराआड वाकून कात्री पुटपुटली.

शेजारणीला हे नाव तिच्या जिभेमुळे पडलं होतं, पण हातातही सदा तेच हत्यार. तिच्या शेजारी सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्सबाई, एका चिमुकल्या स्वेटरची भलतीकडे जोडलेली बाही सोडवत होत्या. जखमेचे टाके काढावेत तशा, हलक्या हाताने. सून पहाऱ्याला उभी होती.

खिडकीपाशी आपल्या खुर्चीत, पाठमोऱ्या, आत्या. नात्याने सुनेच्या नवऱ्याच्या, धाकाने अख्ख्या गल्लीच्या. समुद्रापलीकडच्या एका शाळेतल्या मुलांना स्वेटर धाडायचं काम त्यांनीच सुरू केलेलं. बाकीच्यांनी पाठ, पोट, बाह्या विणायच्या. जोडणी मात्र आत्यांची. त्यांच्या जोडणीच्या खुर्चीला दुसऱ्या कुणी टेकलेलंही त्यांना खपत नसे. गेल्या दीड वर्षात बाह्या खिशाच्या जागी उगवू लागल्या. पण सांगणार कोण? खुर्ची गेली तर आत्यांनी दिवसभर करायचं काय? म्हणून सून रोज सकाळी सुया ओवून त्या खोचायच्या छोट्या गादीला टोचून ठेवी आणि बाकीचं कपाटाआड निस्तरलं जाई.

फसगत झाली ती एकदाच. स्वेटरांचा खोका न्यायला माणूस एक दिवस आधीच उगवला आणि आत्यांनी ताजे बारा स्वेटर परस्पर त्याच्या हवाली केले. न उसवलेले.

त्या बारा स्वेटरांबद्दलचं पत्र आज आलं होतं, सोबत मुलांचा फोटो. तिकडची भाषा एकट्या सुनेला वाचता येई.

"वाच की गं. मिठाची गुळणी धरलीस का?" आत्या म्हणाल्या.

सुनेने मनात वाचलं. 'पिशव्यांबद्दल आभार.' बाराही गळे पक्के शिवून बंद झाले होते. डोकं काही शिरेना, तेव्हा मुलांनी स्वेटर उलटा धरला, घेरात नाडी ओवली, बाह्यांची टोकं वर ओढून टाचली. झालं दप्तर!

"फार उपयोगी पडले म्हणतात," सून म्हणाली.

"उपयोगी काय? उबदार म्हण."

"हो, तेच. पाठीला ऊब लागते म्हणे."

सिस्टरांना ठसका लागला.

"फोटो आण इकडे." आत्यांनी फोटो उलटा धरला. पण उलट्या फोटोत स्वेटर तेवढे सुलटे होते, म्हणून कुणी तो फिरवून दिला नाही. "पोरांची तोंडं कुठेत?"

"पाठ केलीय. लाजतात हो," कात्री म्हणाली.

"आणि मापाला?"

"पाठीवर अगदी चपखल बसलेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांना खोटं बोलवत नसे.

सून पत्राची घडी करणार, तोच तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. ती थबकली. पत्र लपवणं एक वेळ ठीक. पण दुसऱ्याच्या नावचे आभार असे गिळायचे?

"आणखी एक ओळ आहे," ती म्हणाली. कात्री डोळे वटारत होती, तरी तिने वाचलं. "'ज्या हातांनी तळ शिवला, त्यांना मुलांचे खास आभार. पुस्तकं कोंबली, वाटेतले दगडही भरून पाहिले, एक टाका सुटला नाही. आणखी पाठवाल का?'"

"तळ?" आत्या म्हणाल्या. "स्वेटरला तळ कुठला गं?"

कात्रीच्या हातून कात्री पडली.

आत्यांनी मांडीवरचा अर्धा स्वेटर उचलला. गळ्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. बोट आत जायला वाटच नव्हती.

"सुया कोण ओवून ठेवतं रोज?"

"मी," सून म्हणाली.

"आणि कपाटामागे उंदीर कुरतडतात, ते?"

"ती मी," कात्री म्हणाली. "आणि या सिस्टर."

आत्यांना हसू फुटलं. खांदे गदगदले, सुईचा दोरा लोंबत राहिला. "दगड भरले मेल्यांनी!" मग हसू ओसरलं. त्यांनी सुई सुनेच्या हातात दिली, पण स्वेटर सोडला नाही.

"मला दिसत नाही गं," त्या म्हणाल्या.