फियाटच्या दरवाज्यातलं पाणी

गाडी वाचली म्हणून आज हसत सांगते. नाहीतर काशिराम भावजींचं नाव या घरात कोणी काढलं नसतं.

काशिराम म्हणजे माझा धाकटा दीर. पनवेलच्या कोळीवाड्यात होड्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणतात आणि सगळ्यांत जास्त ते स्वतः म्हणतात. गाडी आमच्या यांची, क्रीम रंगाची फियाट. तिच्यातून मी करंज्याच्या बंदरावरून मासळी आणायची. टोपल्यांतलं बर्फाचं खारट पाणी गळून गळून तिचा तळ कुजला. कुजणारच. माझा मुलगा भावेश त्यावरून टोमणा मारायला आला की मी विचारायची, बाबा, तुझी इंजिनियरिंगची फी कोणत्या सीटवर बसून आली?

हे गेले आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. दोन हजार बाराच्या हिवाळ्यात भावेशने मनावर घेतलं. खांदा कॉलनीतल्या जगन मेकॅनिकने कुजका पत्रा कापला, नवा जोडला, वर तांबडा प्रायमर मारला. भावेशने तेव्हाच बजावलं, "आये, हा शेवटचा पत्रा. परत गंजली तर सरळ भंगारात." तो बोलला की करतो. बापावर गेलाय.

राहिला होता तळाचा काळा जाड लेप, गंज धरू नये म्हणून मारतात तो. जगन दुसऱ्या कामात अडकला, तर भावजी म्हणाले, "तळ राखायला बाहेरचा कशाला? मी काय मेलोय?" गाडी होडीसारखी ओंडक्यांवर चढवली होती. त्यांनी खाली आडवं होऊन असा लेप दिला की बघत राहावं.

मग खालूनच ओरडले, "वैनी, त्या जगनने भोकं ठेवलीत. तळाला पण, दरवाज्यांना पण. कामचुकार मेला."

पुढे काय सांगायचं? होडीच्या फटीत कोंबतात तसा कापूस आणि राळ त्यांनी एकूण एक भोकात ठासली, वरून लेप फासला. "आता खाडीत सोडा. थेंब शिरायचा नाय." मलाही पटलं. भोक बुजवून कोणाचं वाईट झालंय? मी त्यांना बोंबील तळून घातले.

रविवारी भावेशने गाडी धुतली. उलव्याकडच्या डंपरांची धूळ आतपर्यंत बसली होती, म्हणून दरवाजे उघडून बोअरचा पाइप सोडला. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, डाळ शिजत नाही त्यात. मंगळवारी जगन सीट बसवायला आला. त्याने दरवाजा लावला, तर दरवाज्याच्या पोटात डबक असा आवाज झाला. त्याने परत लावला. मग खाली वाकून बघितलं.

"मावशी, भोकं कुठं गेली?"

मी भावजींकडे बघितलं. भावजी छाती काढून म्हणाले, "मी बुजवली."

जगन डोकं धरून बसला. म्हणाला, "काका, काचेच्या फटीतनं पाणी आत जातंच. ते खालनं निघून जायला ती भोकं हायेत. आतल्या पोकळीत रंग नीट पोचत नाय. तिथं खारं पाणी कोंडलं तर पत्रा आतनं कुजणार." भावेशने खिशातून फोन काढला.

जगनने ड्रिल काढलं. भावजी गाडीला पाठ लावून उभे राहिले. "माझं बुजवलेलं आजवर गळलं नाय. ते कोणी फोडायचं नाय."

"काका, सरका. नायतर भंगारवाल्याला आत्ता फोन लावतो," भावेश म्हणाला. फोन हातातच होता.

दोघेही एकाच रक्ताचे. जबरदस्तीने भोकं पाडली तर दीर या उंबऱ्याला परत येणार नव्हता, नाही पाडली तर यांची गाडी जाणार होती. मी मध्ये गेले.

"भावजी, तुमच्या होडीत पाणी येतं का हो?"

"तळातनं नाय. वरनं लाटेचं येतं."

"मग काय करता त्याचं?"

"काय करणार, उपसतो."

"मग या दरवाज्यात बसून कोण उपसणार? तुमी मावाल?"

जगनने तोंड फिरवलं. भावजींनी वळून दरवाजा हलवला, आतलं पाणी डबकलं. म्हणाले, "हे आधी सांगायचं ना."

"सांगणाऱ्याला तुमी उभं करता कुठे?"

त्यांनी पिशवीतून स्वतःची बारीक पटाशी काढली. ड्रिलला हात लावू दिला नाही, पत्रा ओरबाडेल म्हणाले. खाली शिरून पहिला बोळा उपटला. पाणी त्यांच्या बाहीत, मिशीत. मी पांढरी बशी धरली आणि उजेडात नेली. भावेश माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

पाणी गढूळ होतं, धुळीचं. तांबूस नव्हतं. दुसऱ्या भोकाचं तसंच, तिसऱ्याचंही. जगनने बॅटरी मारून आत बोट फिरवलं आणि बोट दाखवलं. गंजाचा कण नाही.

"दोनच दिवसांचं पाणी, काका. वाचली."

भावेशने फोन खिशात टाकला. नळाच्या गोड्या पाण्याने पोकळ्या धुतल्या, सुनेच्या केस वाळवायच्या मशीनने सुकवल्या. जगनने बारीक नळीने आत तेल फवारलं. भावजी काळं तोंड घेऊन बाहेर आले आणि त्यालाच म्हणाले, "भोकं जरा मोठी ठेव. कचऱ्याने बुजतील."

मी चहा ठेवायला आत गेले. साखर ओट्यावर सांडली. सून बघत होती. तिला म्हटलं, बघतेस काय, बरणीचं तोंडच वाकडं आहे.