कायमचा पत्ता

माझा डावा खुबा तेरा वर्षांपूर्वी मोडला आणि तेव्हापासून आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस तोच आहे. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कशावर बसायचं, सगळं त्याला विचारून ठरतं. मी दशरथ नुसता नावाचा कर्ता.

गिरणीत मी साचेखात्यात, म्हणजे मागांवर होतो. सुताने भरलेला बीम, म्हणजे साच्यावर चढवायचा दोन माणसांच्या वजनाचा रूळ, त्र्याहत्तर साली गाडीवरून घसरला आणि माझ्या अंगावर आला. हाड जुळवून आत सळी घातली. डॉक्टर म्हणाले, झकास बसलंय. पुढे नऊ वर्षं मी त्याच पायावर उभं राहून साचे चालवले, पायाने हूं की चूं केलं नाही. मग संप झाला, गिरणी बंद पडली, लालबागची खोली गेली, आम्ही कांजूरमार्गला भाड्याने आलो आणि पायाला काम उरलं नाही तेव्हा हा पठ्ठ्या दुखायला लागला.

दुखणं एकवेळ माणूस सोसतो. सोसवत नाही ती त्याची सरबराई. मला मांडी घालता येत नाही, म्हणून बायको आणि मुलगी दोघी खाली पाटावर आणि मी खाटेवर ताट घेऊन, आजारी सरदारासारखा. उकिडवं बसता येत नाही, म्हणून चाळीच्या संडासाच्या रांगेत एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मध्ये भोक पाडलेली लाकडी खुर्ची. लोक वाट देतात, पण हसायचे ते हसतातच. डाव्या पायाची नखं वनमाला कापते. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून नखं कापताना ती माझ्याकडे बघत नाही आणि मी तिच्याकडे बघत नाही.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. म्हणाले, "सळीच्या वरचा गोळा झिजून गेलाय. आता स्टीलचा बसवायचा. मग काठी नको, काही नको."

मी विचारलं, "डोक्यावर वजन घेऊन चालता येईल?"

"हमाली करता की काय?"

"नाही हो. गणपती आणायचा असतो."

डॉक्टर हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. आमच्या किंजळवाडीत गणपती चित्रशाळेतून घरी आणतात तो डोक्यावरून, शेताच्या मेरेवरून, अनवाणी. मेर म्हणजे जेमतेम पाऊलभर रुंदीचा बांध, दोन्ही बाजूंना कमरेएवढं भात. आमच्या घरी तो मान माझा होता. थोरला भाऊ अण्णा पूजा करणार आणि धाकटा दशरथ गणपती आणणार, असं वडिलांनी मरताना वाटून दिलेलं. जमीन वाटली नाही, एवढंच वाटलं. बीम पडल्यापासून डॉक्टरांनी डोक्यावर वजन घ्यायला बंदी केली, म्हणून माझा गणपती शेजारचे लोक आणतात आणि मी घाटीच्या, म्हणजे वाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वर, रस्त्यावर उभा. तेरा वर्षांत गिरणी गेली त्याचं मी दोनदा रडलो असेन. ह्याचं दर वर्षी रडतो.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती घेऊन खिडकीवर गेलो. खिडकीतल्या क्लार्कने जाडजूड वही उघडली. नाव, वय, सध्याचा पत्ता. मी कांजूरमार्ग सांगितलं, खोली नंबर, चाळीचं नाव. मग तो म्हणाला, कायमचा पत्ता?

आता हा प्रश्न आमच्या लोकांना विचारला की आमची छाती उगाच दोन इंच फुगते. रेशनकार्डावर, गिरणीच्या गेटपासवर, मुलीच्या, क्षमाच्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे आम्ही तोच सांगत आलो. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "मुक्काम पोस्ट किंजळवाडी, तालुका कुडाळ, जिल्हा रत्नागिरी, आता सिंधुदुर्ग."

मुंबईत एकतीस वर्षं काढली तरी ती आमची सध्याची. क्लार्कने लिहून घेतलं आणि म्हणाला, "दीडेक वर्षं लागेल. खाट रिकामी झाली की कार्ड येईल. कार्डावरच्या तारखेला यायचं, नाही तर नंबर जातो. आणि कार्डाशिवाय इथे चौकशीला येऊ नका."

मी कशाला जातोय? स्टेशनचा पूल चढायचा म्हणजे मला अर्धा तास. मी घरी बसून वाट बघायला लागलो. भांडुपच्या एका कंपनीच्या गेटवर मला स्टुलावर बसायची नोकरी मिळाली होती, तिथून आलो की पहिला प्रश्न, "टपाल?" आधी वनमाला "नाही हो, आलं की सांगेन ना" म्हणायची. मग नुसतं "नाही." मग मान हलवायची. शेवटी मी विचारायचं सोडलं आणि तिने मान हलवायचं सोडलं नाही.

पंच्याऐंशीच्या गणपतीत सव्वा वर्ष उलटून गेलं होतं, कार्ड आता कधीही येणार. आम्ही गावाला गेलो आणि नेमकं मागे कार्ड आलं तर? वनमाला आणि क्षमा गेल्या, मी राहिलो. जन्मात पहिल्यांदा गणपतीत मुंबईत. शेजारच्या सुंदराबाईंनी मोदक आणून दिले, ते खाटेवर बसून एकट्याने खाल्ले. कार्ड आलं नाही. शिमगा गेला, पाडवा गेला, मे महिना गेला. कंपनीतल्या साहेबाने सांगितलं, दशरथ, दिवाळीनंतर राउंड मारणारा माणूस लागेल, नुसता बसणारा नको. मी म्हटलं, तोवर ऑपरेशन होतंय साहेब. कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच ठाऊक.

शहाऐंशीच्या गणपतीत मात्र माझा धीर सुटला. म्हटलं, येईल तेव्हा येईल, मेलो तर गावाला मरू. वनमाला आणि क्षमाबरोबर एस.टी.त चौदा तास डावा पाय लांब करून बसलो. पुढच्या सीटवरचा माणूस कुडाळपर्यंत माझ्या अंगठ्याशी भांडत आला. घाटीच्या पायऱ्या वाडीतल्या दोघांनी धरून उतरवल्या. अण्णा खळ्यात, घरापुढच्या अंगणात उभा होता. अडुसष्ट वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याने मला हाताने चाचपून बघितलं.

"इलंस? गेल्या वर्साक वाट बघून डोळे गेले माझे."

"डोळे आधीच गेलेले तुझे," मी म्हटलं. तो हसला. मग माझ्या कानाशी येऊन, गुपित सांगावं तसं म्हणाला, "तुझो एक सरकारी कागद इलोहा. शिमगो झाल्यार इलो. टपालात घालून परत धाडलंय आणि हरवलो तर? म्हणान म्हटलंय, दशरथ इलो की हातातच देवचो. देवाकडे ठेवलंय. रोज फूल घालतंय."

देवघराच्या फळीवरून त्याने तो आणला. पोस्टकार्ड. हळदीकुंकवाची बोटं उठलेली, कडेला जास्वंदीचा वाळका डाग. इंग्रजीत छापलेलं. मी ते क्षमाकडे दिलं.

क्षमा दहावीत आहे. तिने एकदा मनातल्या मनात वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, दहा एप्रिलला सकाळी आठ वाजता ॲडमिट व्हायला बोलावलं होतं. आला नाहीत तर नाव कमी होईल असं लिहिलंय."

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे देवाने घेऊनच ठेवलं, वर सहा महिने फुलं खाल्ली. मला एवढा राग आला की काठी उचलून फळीवरचे सगळे देव खाली पाडावेत. मी इकडे पोस्टमनच्या चपला ओळखायला शिकलो आणि कार्ड तिकडे पूजा करून घेत होतं! पण राग धरायचा कोणावर? अण्णावर? तो तर लहान पोरासारखा तोंड वर करून उभा होता.

"काय लिवलेला आसा? चांगला मा?"

वनमालाने पदर तोंडाशी नेला. मी तिला डोळ्याने गप्प केलं.

"चांगला आसा, अण्णा. ऑपरेशनाक बोलवलेनी. गणपती झाले की."

"तरी म्हटलंय!" अण्णाने टाळी वाजवली. "देवाकडे ठेवलंय तेचो गुण. मगे फुडल्या वर्साक गणपती तूच घेवन ये, डोक्यार."

दुसऱ्या दिवशी गणपती आला, शेजाऱ्यांच्या डोक्यावरून. मी वर रस्त्यावर उभा. संध्याकाळी सगळी वाडी जमली आणि अण्णाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक मुंबैक बोलावणा इलाहा, तेचो पाय बरो कर, फुडल्या वर्साक तेच्या डोक्यार बसान तू घराक ये रे म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. सगळे म्हणाले. मीही म्हणालो, मोठ्याने म्हणालो, कारण माझा आवाज आला नसता तर अण्णाला कळलं असतं. आंधळ्याचे कान तिखट असतात.

मुंबईला आल्यावर वनमालाला घेऊन हॉस्पिटलच्या खिडकीवर गेलो. क्लार्क तोच. कुंकू लागलेलं कार्ड त्याने उलटसुलट करून बघितलं.

"हे काय, सत्यनारायण घातला होता काय?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मी तर कांजूरमार्गचा पत्ता दिला होता."

"सध्याचे पत्ते काय कामाचे हो? तुम्ही गिरणीवाले वर्षाला खोल्या बदलता, कार्डं परत येतात. म्हणून आम्ही कायमच्यावर पाठवतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याने वहीची पानं मागेपुढे केली, आत जाऊन कोणाला तरी विचारूनही आला. "नंबर गेला, काका. नाव नव्याने घालावं लागेल. आता दोन-अडीच वर्षं धरून चाला."

दिवाळीनंतर राउंड मारायचा होता. पुढच्या गणपतीला अण्णा खळ्यात उभा राहणार होता. मी खिडकीची कड घट्ट धरली.

"घाला," मी म्हटलं.

"नाव तेच. वय?"

"बावन्न."

"सध्याचा पत्ता?"

मी सांगितला. खोली नंबर, चाळीचं नाव, कांजूरमार्ग.

"कायमचा?"

मागे रांग होती. वनमाला माझी काठी धरून बाजूला उभी होती. किंजळवाडी माझ्या तोंडात आलेली होती, ती तशीच परत गिळली.

"तोच," मी म्हटलं.

क्लार्कने मान वर केली. "काका, कायमचा विचारतोय. गावचा."

"गाव नाही," मी म्हटलं. "कांजूरमार्गच लिहा."

त्याने लिहिलं. मग जुन्या पानावर पट्टी ठेवून माझ्या आधीच्या नोंदीवर लाल रेघ मारली, नावापासून जिल्ह्यापर्यंत.  वनमालाने काठी माझ्या हातात दिली आणि मी दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला.