खाटेपाशी तळलेले वडे

"कुंदन, वं कुंदन! ह्या कणसं ले." झुलाल आबांनी ओट्यावर गोणी उपडी केली. मक्याची पंधरा-वीस हिरवीगार कणसं गडगडत उंबऱ्यापर्यंत आली. "पह्यला तोडा शे. गिरधरनीच बसाडेल मोटारनं पानी शे हाई. त्याले एखादं भाजीसन..."

आबा मध्येच थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं. आत खाटेवर कुंदनचा नवरा गिरधर पडलेला होता. त्याच्या नाकातून निघालेली नळी चिकटपट्टीनं गालाला चिकटवलेली होती. आबांनी नुसता हात वर केला, रिकामी गोणी काखेत मारली आणि ते निघून गेले.

शिंदखेड्याच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत बोअरमधली मोटार काढायची तर गिरधरलाच बोलवायचे. पाइपाला कान लावून तो सांगायचा की बेअरिंग गेलं, की पाणीच तुटलं. आणि त्याचा आवाज! बोअरवर उभं राहून त्यानं "बंद कर!" अशी हाळी दिली की तीन शेतं पलीकडच्या पेटीजवळचा माणूस बटण दाबायचा. तंबाखूच्या पुडीनं तो आवाज खाल्ला. होळीच्या आधी खालचा अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा काढला. पुढे किरणांचे तीस शेक झाले. आषाढात कॅन्सरची गाठ मानेत पुन्हा उगवली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी कागद मिटले आणि घरी न्यायला सांगितलं.

तेव्हापासून कुंदन दिवसातून सहा वेळा मोठ्या सिरिंजनं त्याच्या नळीत दूध, भाताची पेज, डाळीचं पाणी सोडत होती. ते कसं करायचं हे दिपमालानं शिकवलं होतं. पोरगी देवपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि सध्या सुट्टी टाकून घरी आली होती.

घरात फोडणी बंद झाली होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पण गिरधर घरी आला त्या पहिल्या दिवशी कुंदननं कढईत लसूण टाकला आणि खाटेवरून त्याचे डोळे तिच्याकडे वळले. तिनं तेव्हाच चूल विझवली. मग दोघी मायलेकी मागच्या गोठ्यात उभ्या उभ्या भाकर-चटणी खायच्या, चूळ भरायच्या, तोंड पुसायच्या आणि मगच घरात यायच्या.

आजही तिनं कणसं ओच्यात भरली ती गाईपुढे टाकायला. ती मागच्या दाराशी पोचली तोच खाटेच्या लोखंडी नळीवर पेला वाजला. टण्, टण्. गिरधर कुणाला बोलवायचं असलं की असाच पेला वाजवायचा.

ती माघारी आली. त्यानं उशाची पाटी घेतली. मोबाइलवर त्याची जाडजूड बोटं चालत नसत, म्हणून दिपमालानं ती आणून दिली होती.

'कोठे चालनी?'

"गायले टाकस. नासी जातीन."

त्यानं पुसलं, पुन्हा लिहिलं. 'वडा कर.'

"कोनासाठे?"

'तुम्हीन दोन्हीजनी खा. मी देखसू.'

कुंदनच्या ओच्यातलं एक कणीस खाली पडलं. "तुमना मोरे बठीसन मना गळाखाले उतरी का?"

त्यानं पाटीवर इतका जोर दिला की पेन्सिल मोडली. उरलेल्या तुकड्यानं त्यानं लिहिलं, 'दोन महिना व्हयनात. घरमा फोडनी नही. मी मरेल नही शे आजून.'

कुंदन बराच वेळ ते वाचत राहिली. मग पदर खोचून तिनं हाक मारली, "दिपू, खाटलं धर!"

दोघींनी खाट ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. कुंदननं कणसं सोलली, रेशे काढले. दाणे कोवळे होते, नख लावलं की पांढरं दूध उडत होतं. परातीत किसणी उभी धरून ती किसू लागली. गिरधर उशीला टेकून बघत होता. तिनं मिरच्या घेतल्या तेव्हा त्यानं चार बोटं दाखवली.

"चार? पोरगी रडी!"

त्यानं चार बोटं तशीच धरून ठेवली. तिनं चार मिरच्या घेतल्या. लसूण, जिरं आणि मिरच्या खलबत्त्यात कुटल्या, कोथिंबीर चिरली, किसात बेसन आणि मूठभर दादर ज्वारीचं पीठ घातलं. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. दोघी धावल्या. दिपमालानं त्याला पुढं वाकवलं, कुंदननं वाटी धरली, लाळ पुसली. तो शांत झाला आणि हातानंच म्हणाला, जा, चुलीकडे जा.

तेल तापलं. ओल्या फडक्यावर थापलेला पहिला वडा कढईत सुटला आणि घरभर वास पसरला. गिरधरनं डोळे मिटले. त्याची छाती वर गेली आणि हळूहळू खाली आली.

चार वडे निघाल्यावर पेला पुन्हा वाजला. 'माले.'

दिपमाला पुढे झाली. "नाही, अप्पा. तोंडावाटे काहीच नाही. श्वासनळीत गेलं तर निमोनिया होईल. आई, तू देऊ नकोस हं!"

'बोटवर. जिभले लाव फक्त.'

दिपमाला आईकडे बघत होती. कुंदननं एक वडा मोडला, फुंकून गार केला. आतला मऊ गर बोटाच्या टोकावर घेतला, अगदी तिळाएवढा. "गिळाना नही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी लगेच पुसी लेसू."

दिपमालानं अडवलं नाही. ती ओलं फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.

शिवलेल्या ओठांतून बोट आत जायला जागा थोडीच होती. कुंदननं उरलेल्या जिभेवर तो गर टेकवला. गिरधर डोळे मिटून निश्चल बसला. बऱ्याच वेळानं त्यानं मान हलवली. तिनं फडक्यानं जीभ पुसून घेतली. त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. त्यानं पाटी ओढली.

'मस्त. मीठ बराबर.'

मग बोटानं त्यानं जमीन दाखवली. बसा. खा.

दोघी त्याच्यासमोर ताट घेऊन बसल्या. दिपमालानं पहिला घास घेतला आणि ती चावता चावता थांबली. कुंदननंही घास घेतला.

वड्यात मीठ नव्हतं. कीस पाणी सोडतो म्हणून ती मीठ नेहमी शेवटी घालायची, आणि आज शेवटी खोकल्याची उबळ आली होती.

"आई, मी..." दिपमाला बोलू लागली. कुंदननं ताटाखाली तिचा हात घट्ट दाबला.

"गरम शे, फुकीसन खा," ती म्हणाली.

गिरधर एकटक बघत होता. कुंदननं एक वडा संपवला, दुसरा घेतला, मग तिसरा. दिपमाला मान खाली घालून खात राहिली. तिचे डोळे वाहत होते.

"चार मिरच्या टाकाले लाया तुम्हीन," कुंदन नवऱ्याला म्हणाली. "देखा, पोरगीनी काय गत करी ती!"

गिरधरच्या घशातून खरखर आली. तो हसत होता.

संध्याकाळी गोठ्यात दिपमाला म्हणाली, "शेकांनंतर चव जाते, आई. मला माहीत होतं. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

कुंदन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "आते त्यासले काहीच सांगानं नही," ती म्हणाली. "माले समजनं, हाई बी सांगानं नही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटीवर 'शेवभाजी' लिहिलेलं होतं. त्यानंतर रोज काही ना काही असायचं. डाळीचे वाफवलेले फुनके, हिरव्या मिरचीची भाजी, आणि दोनदा पुन्हा वडे. कुंदन खाटेपाशी सगळं करायची, तिळाएवढं त्याच्या जिभेला लावायची, पुसून घ्यायची आणि निकालाची वाट बघायची. 'आमसूल कमी.' 'लसून जास्त.'

"लसून जास्त? तीन पाकळ्या टाक्यात मी!" ती भांडायची. "वीस वरीसमा एकदाव तरी चांगलं म्हना!"

तो मुद्दाम पाटी पालथी करून ठेवायचा.

गल्लीत बोलणं सुरू झालं. शेजारची भिकुबाई नळावर म्हणाली, "मानूस खाटलावर, अन् हिना घरमा रोज फोडन्या." कुंदननं ऐकलं. हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि ती घरी आली. त्या दिवशी पाटीवर भजी होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी पेला वाजला नाही.

ऊन चढायच्या आत घर माणसांनी भरलं. झुलाल आबा भिंतीला टेकून बसले होते. दिपमालानं हळूच नळी ओढून काढली, गुंडाळून बाजूला ठेवली. बाहेर तिरडी बांधून झाली. कुणीतरी आत डोकावलं, "चला, वेळ व्हई ऱ्हायना."

"थांबा," कुंदन म्हणाली.

चिकटपट्टीचा पांढरा, मळकट डिंक गालावर आणि नाकपुडीवर तसाच राहिला होता. तिनं वाटीत गोडं तेल घेतलं, पदराचं टोक बुडवलं आणि गाल पुसू लागली. डिंक लवकर निघत नव्हता. तिनं घाई केली नाही. बाहेरची माणसं उभी राहिली, मग एकेक करून पुन्हा खाली बसली. गालाची कातडी स्वच्छ, तुकतुकीत होईपर्यंत ती पुसत राहिली.