तापीच्या सासरी एक रविवार

अक्षय्यतृतीयेची आखाजी तोंडावर आली, तशी मालूबाई लेकीला माहेरी न्यायला बऱ्हाणपूरहून सुरतेला आली. पण कोकिळेला पाहिलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. तापीच्या डोहात सूर मारणारी पोर एका खोलीच्या बिऱ्हाडात पार कोमेजली होती. विचारावं तर एकच उत्तर, "बरं आहे माय." जावई दत्तात्रय रेल्वेत कारकून. माणूस गरीब, पण तोंडाला जसं कुलूप. मालूबाईने मनाशी धरलं, आखाजीला न्यायची ती न्यायचीच, परत धाडायची नाही.

रविवारी जावई चाचरत म्हणाला, "मामी, डुमसला, तापी मिळते तिथे, समुद्र बघायला जाऊ?"

"चला की! आमच्या तापीमायचं सासर तरी पाहू."

मोटारीतून उतरले तर लख्ख ऊन, काळी वाळू, आणि पाणी पार लांब गेलेलं. मालूबाई थेट पाण्याच्या कडेला गेली. दत्तात्रय हळूच म्हणाला, "जरा वर बसलो तर..."

"वर कोण बसतं? बऱ्हाणपूरला राजघाटावर आम्ही पाण्यात पाय सोडून दशम्या खातो." सासूपुढे काय बोलणार! आपला एकुलता एक कोट त्याने दशम्यांच्या गाठोड्यावर ठेवला आणि भजी आणायला रस्त्याकडे गेला.

मालूबाईने लेकीचा हात हातात घेतला आणि गुणगुणली,

तापी निघाली सासरी, वाट खडकाची खडकाची
मागे वळून पाहते, लेक बऱ्हाणपुराची

कोकिळेने नुसती मान खाली घातली. "घरी चल पोरी," मालूबाई म्हणाली, "मग पाहू काय ते." परत धाडायचं मायच्या मनात नाही, हे कोकिळेला कळलं. ती ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढत राहिली.

इतक्यात मालूबाईचं लुगडं भिजलं. पाहते तो पाणी मागेही चढलेलं आणि गाठोडं, कोट तरंगत चाललेले!

"पूर आला वं, पूर! वर कुठी पाऊस झाला?" वैशाखाच्या उन्हात ती ओरडत सुटली. कोकिळा आधी बघत राहिली, मग पोट धरून हसायला लागली.

ओरडा ऐकून दत्तात्रय धावत आला, कोटाच्या मागे पाण्यात शिरला आणि दुसऱ्याच लाटेला आडवा झाला. कोकिळेने पदर खोचला आणि झेप घेतली. तो नाकातोंडात पाणी जात असतानाही भज्यांचा पुडा डोक्यावर धरून होता.

"अहो, भजी सोडा, माझा हात धरा!"

"तुझ्यासाठी आणलीत!" तो एवढ्या मोठ्याने बोललेला मालूबाईने पहिल्यांदाच ऐकला.

दोघं काठाला आली ती भांडतच. "पोहता येत नाही, तर सांगायचं!"

"तू कधी विचारलंस?"

"तुम्ही कधी बोललात?"

"बोलायचं ठरवून घरी येतो. तू गप्प दिसलीस की घाबरतो."

कोकिळा त्याच्याकडे पाहतच राहिली. मग पदराच्या टोकाने तिने त्याचे डोळे पुसले. मालूबाईने तोंड समुद्राकडे फिरवलं.

दशम्या गेल्या. कोट मात्र एका कोळ्याने काठीने ओढून दिला. तिघं वर, कोरड्या वाळूत, ओली भजी खात बसली. जावयाची जीभ आता सुटली होती. "मामी, हा पूर नाही, भरती. आता नदीसुद्धा उलटी वाहते, पार सुरतेपर्यंत."

"म्हणजे आमची तापी रोज माहेराकडे चार पावलं येते म्हणा की!"

"दिवसातून दोनदा."

कोटाची बाही पिळता पिळता मालूबाईने लेकीकडे पाहिलं. कोकिळेच्या केसांत वाळू होती आणि गालात हसू.

"जवाईबापू, आज हिला नेते. आखाजी झाली की न्यायला तुम्ही या. पत्र नको, माणूस पाहिजे."

"येतो."

"आणि आठ दिवस राहा," कोकिळा म्हणाली, "राजघाटावर तुम्हाला पोहायला शिकवते."

"सगळ्या गावासमोर?"

"सगळ्या गावासमोर," ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं शेवटचं भजं तिने खाऊन टाकलं.